खालच्या तुकड्यातली ओल

ताई देशाच्या सभागृहात बोलत होत्या, तेव्हा आम्ही तिघं कोबीवरच्या अळ्या वेचत होतो.

ताई म्हणजे माझी नणंद, आमच्या ह्यांची थोरली बहीण. आमच्या सगळ्या भागानं त्यांना खासदार करून राजधानीत पाठवलंय. त्यांचं भाषण असलं की हे मोबाईल दुधाच्या किटलीला टेकवून बांधावर ठेवतात आणि आवाज पूर्ण सोडतात. मग शेजारच्या रानातले बैलसुद्धा ऐकतात. त्याआधी ताई परदेशी दूध पावडरीवर बोलल्या होत्या, औषधांच्या किमतींवर बोलल्या होत्या, आणि सैन्य शेजारी देशात पाठवू नका म्हणून स्वतःच्या पक्षाच्या विरोधात उभ्या राहिल्या होत्या. त्या वेळी सासूबाई आठवडाभर घाबरून होत्या. "हिला देशाचं सगळं कळतं, गप्प कधी बसायचं ते कळत नाही," असं त्या म्हणायच्या, पण म्हणताना मान ताठ असायची.

त्या दिवशी विषय पाण्याचा होता. ताईंनी मांडलं होतं की देशातल्या प्रत्येक कालव्याचं पाणी आधी शेवटच्या शेताला मिळालं पाहिजे, मग वर वर येत तोंडाशी. इतकी वर्षं उलटं चाललंय. तोंडाशी बसलेले पोटभर पितात आणि शेवटचे शेतापर्यंत आलेली कोरडी चारी बघत बसतात.

"मी स्वतः कालव्याच्या तोंडाशी वाढले," ताई म्हणाल्या. "आमची पाळी नेहमी पहिली. पण माझ्या वडिलांनी आपल्या पाळीपलीकडे एक थेंब कधी घेतला नाही. तरी आमच्या खालच्या तुकड्यातली माती बारमाही ओली असायची. लोक म्हणायचे, या माणसाचा हातच गुणी आहे."

ह्यांनी डोळे पुसले. अळीचा हिरवा रंग गालाला लागला, मी सांगितलं नाही.

सासूबाई मात्र एकदम उठल्या. हातातल्या अळ्यांचा डबा खाली ठेवला आणि "गाय का ओरडतेय बघते," म्हणून घराकडे निघाल्या. गाय अजिबात ओरडत नव्हती.

तो तुकडा म्हणजे आम्ही बसलो होतो तोच. पाटाच्या भरावाखाली चिंचोळी पट्टी आहे, एका कोपऱ्यात कर्दळीचं मोठं बेट. लग्न होऊन आल्यापासून मी तो मागत होते. आमच्या घरात मका, गवत, गुरं, आणि गुरांसाठी परत मका. मला भाजी लावायची होती. हे म्हणायचे, बघू. 'बघू' हा आमच्या ह्यांचा आवडता महिना आहे, तो बारा महिने चालतो. शेवटी या हंगामात सासूबाईंसमोर ठरलं, की मी तिथं कोबी लावायचा. चांगला आला तर तुकडा माझ्या हाती कायमचा, नाही तर परत गवत. रोपं मीच टाकली, मीच लावली, आणि आता पानं आत वळून गड्डा धरायला लागली होती. अशा वेळी कोबीला पाणी चुकलं की गड्डा भरत नाही, नुसता पानांचा पसारा होतो.

आणि नेमकं त्याच वर्षी धरण अर्धंच भरलं होतं.

*

भाषणानंतर दोनच दिवसांत खालचे लोक आले. खालचे म्हणजे कालव्याच्या शेवटाला ज्यांची रानं आहेत ते. पुढं होते सुतारकाका. सुतारकाम हाताला आणि कोरडवाहू शेती नशिबाला, असे. पाण्याच्या समितीची बैठक शाळेच्या पडवीत भरली. आम्ही वरचे लोक एका बाजूला, खालचे समोर, आणि मध्ये पाटकरी. पाटकरी म्हणजे कालव्याची दारं उघडणारा-लावणारा सरकारी माणूस. त्याला दोन्हीकडून शिव्या खायची इतकी सवय झालेली की कोणी गोड बोललं तर तो दचकतो.

"ताई तिकडं देशासाठी बोलल्या, बरं वाटलं," सुतारकाका म्हणाले. "पण कायदा व्हायचा तेव्हा होईल. इथं सुरुवात करायला कायदा कशाला लागतो? या वर्षी पाणी आधी आम्हाला द्या. आमचं भिजलं की तुमचं."

वरच्या बाजूला कुजबुज सुरू झाली. आमच्या शेजारच्या रानाचा मालक उठला. त्याला सगळे भोंगा म्हणतात. त्याच्या कानात गेलेली गोष्ट कोणाला सांगायची राहत नाही.

"ताईंना सोपं आहे बोलायला," भोंगा म्हणाला. "त्यांना काय, राजधानीत नळाला पाणी. दार लावायचंय आम्हाला. आधी खासदारांच्या घरचं दार लावून दाखवा म्हणावं!"

सगळे हसले. मला वाटलं हेही हसतील आणि विषय संपेल. पण आमचे हे भाषणापासून जरा हवेतच होते. ते उठून उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा बैठकीत उभे राहिले.

"लावतो," हे म्हणाले. "आधी आमचं दार. उद्या सकाळी. खालच्या शेवटच्या रानाला पाणी मिळेपर्यंत उघडणार नाही."

मग सुतारकाकांनी उठून ह्यांचा हात धरला. आता भावाचं दार बंद म्हटल्यावर बाकीच्यांना नाही म्हणायला तोंड राहिलं नाही. एकेक करत सगळे वरचे कबूल झाले.

मी घरी येईपर्यंत बोलले नाही. आल्यावर बोलले.

"माझ्या कोबीचं काय?"

"अगं, तोही आहेच की..."

"तोही आहेच? गड्डा धरायच्या वेळी? मला एकदा विचारायचं तरी. टाळ्या वाजल्या की तुम्हाला बायकोचा तुकडा दिसत नाही."

हे खाली बघून पायाचा अंगठा जमिनीवर घासत राहिले. सासूबाई चुलीजवळ होत्या. त्या माझी बाजू घेतील असं वाटलं होतं, निदान आपल्या लेकाची तरी. त्यांनी दोघांचीही घेतली नाही.

"दार लावल्यानं कोबी मरत नाही," एवढंच म्हणाल्या आणि चूल फुंकायला लागल्या.

*

सकाळी ह्यांनी दार लावलं. फळी खाचेत उतरवली, पायानं दाबली, दोन्ही बाजूंनी चिखल थापला, वर मातीची पोती रचली. बघायला निम्मं गाव जमलं होतं. पाटकऱ्यानं फळीला आडवी दोरी बांधून गाठीवर चिखलाचा गोळा लावला आणि त्यात आपला अंगठा उमटवला. दार उघडलं तर गोळा फुटणार. खासदाराच्या भावाच्या दारावर अंगठा उमटवताना त्याला काय वाटलं कोण जाणे, पण त्यानं तो जरा जास्तच जोरात दाबला.

पुढचे दिवस कष्टाचे गेले. पाणी नाही म्हटल्यावर आहे ती ओल जपायची. पहाटे धार काढायची, दूध केंद्रावर घालायचं, शेण काढायचं, मग मक्यात कोळपं धरायचं. कोळप्यानं वरची माती मोकळी केली की खालची ओल उडत नाही. हे बैल हाकायचे, मी मागून ढेकळं फोडायची. माझ्या कोबीत मी वाळलेला मक्याचा पाचोळा अंथरला. वाकून वाकून कंबर अशी धरली, की उठताना आधी हात गुडघ्यावर ठेवून जरा थांबावं लागायचं. ऊन असं, की दुपारी विळ्याची मूठ धरवायची नाही.

मका दुपारी पानं गुंडाळून घ्यायला लागला. भोंग्याच्या रानातली आमच्या बाजूची वांगी माना टाकून उभी. रस्त्यावरून दिसेल तेवढ्या वरच्या पट्ट्यात तीच कळा.

माझा कोबी सोडून.

कोबी दुपारी बाराच्या उन्हातही निळसर हिरवा, टवटवीत. पाचोळा उचलून बोट घातलं तर माती थंड. गड्डे दिवसादिवसाला घट्ट होत होते. मी मनातून फुलून गेले. सासऱ्यांना मी पाहिलेलं नाही, माझ्या लग्नाआधीच ते गेले. पण त्यांचा गुणी हात माझ्या हाताला लागलाय असं मी स्वतःला सांगायला लागले. ह्यांनाही सांगितलं. तेही म्हणाले, "बाबांचीच माती."

सासूबाई कोबीकडे फिरकत नव्हत्या.

मग एक दिवस भोंगा बांधावर येऊन उभा राहिला. बराच वेळ नुसता बघत होता.

"वहिनी, कोबी झकास आहे," तो म्हणाला.

"मेहनत आहे, भावोजी."

"मेहनत तर आम्हीपण करतोय. आमच्या मेहनतीला पाणी सुटत नाही तुमच्यासारखं."

दुसऱ्या दिवशी दूध केंद्रावर मी पोचले तशी बोलणी थांबली. रांगेत पुढची बाई नेहमी माझी किटली उतरवून घ्यायची, ती दुसरीकडे बघत राहिली. खालच्या भागातली एक तरुण बाई, कडेवर मूल, मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळत होती. माझ्या चपलेला चिखल लागलेला होता. ओला चिखल. मी पाय मागे घेतला, आणि पाय मागे घेतल्याची मलाच लाज वाटली.

संध्याकाळी पाटकरी आला. दाराशी उकिडवा बसला, चिखलाचा गोळा तपासला, पोत्यांच्या फटीत बोटं घालून बघितलं. हे शेजारी उभे, चोरासारखे.

"दार पक्कं आहे," पाटकरी म्हणाला. "मग पाणी येतंय कुठून?"

"आमच्या वडिलांपासून ती माती तशीच आहे," हे म्हणाले.

"हो. ताई बोलल्या ते ऐकलंय मी," पाटकरी म्हणाला, आणि कोबीकडे बघून निघून गेला. जाताना सांगून गेला, की एवढी सगळी दारं बंद असून खालच्या शेवटच्या रानात अजून पाणी पोचलेलं नाही. चारी नुसती ओली होतेय आणि वाळतेय.

हे त्या रात्री जेवले नाहीत. माझा राग होता ह्यांच्यावर, पण माझ्या नवऱ्याला कोणी चोर समजावं एवढा नव्हता.

*

सकाळी मी खुरपं घेऊन तुकड्यात गेले. पाटाच्या भरावापासून एकेक सरी बघत चालले. जिथं भराव आणि कर्दळ भेटतात तिथं माती सगळ्यात ओली होती. कर्दळीला कोणी हात लावायचा नाही असा सासूबाईंचा नियम. त्या बेटाची राखण त्या लेकरासारखी करतात. पाटाची साफसफाई निघाली की या टोकाला पाटात त्याच उतरतात. आम्ही म्हणतो, या वयात कशाला? त्या ऐकत नाहीत. पाट साफ करायची आमच्याकडे रीतच अशी, की ज्याच्या रानासमोरचा भाग त्यानंच साफ करायचा. दुसऱ्याच्या भागात कोणी फावडं घालत नाही.

मी कर्दळीच्या मुळाशी खुरपं मारलं. खण्ण वाजलं. मातीचा नळ होता, कुंभार भट्टीतून काढतात तसला. तोंडावर चपटा दगड, दगडाखालून पाणी झिरपत होतं. मी दगड सरकवला तशी मनगटाएवढी धार माझ्या पायावर आली.

मी ह्यांना हाक मारली. हे पळत आले, बघितलं, आणि तसेच चिखलात बसले.

"बाबांनी..." हे म्हणाले.

माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. गुणी हात म्हणे! आणि मी तोच हात माझ्या हाताला लागला म्हणून मिरवत होते.

"बुजवून टाकू," हे एकदम उठले. "आत्ता. कोणाला कळता कामा नये. ताई सगळ्या देशासमोर बोलून बसलीय बाबांबद्दल."

ह्यांनी गोणपाटाचा बोळा केला आणि नळात कोंबला. हात काढल्याबरोबर पाण्यानं तो बोळा बाहेर थुंकला, थेट ह्यांच्या छातीवर. परत कोंबला, वर दगड ठोकला. दगडासकट बाहेर. पाट भरून वाहत असताना तो नळ खालच्या तोंडानं बंद होणारच नव्हता. वरच्या तोंडानं बुजवायचा, तर पाट थांबवायला हवा, आणि पाट थांबवणारा पाटकरी. हे नखशिखांत भिजून उभे राहिले. इतक्या दुःखातही मला हसू फुटलं. ह्यांनी रागानं बघितलं आणि मग त्यांनाही फुटलं, पण ते लगेच विझलं.

"ताई परवा येतेय," हे म्हणाले.

*

सभागृहाला सुट्टी लागली होती. ताई गाडी रस्त्यावर सोडून चालत आल्या. आल्या आल्या चपला काढून स्वयंपाकघरात फरशीवर बसल्या आणि पाय लांब केले. राजधानीत इतकी वर्षं काढली, पण टाचेच्या भेगा आमच्यासारख्याच आहेत. सासूबाईंनी त्यांच्यासमोर दूध ठेवलं आणि लगेच कामाला लागल्या. लेक घरी आली की सासूबाई बसत नाहीत. त्या दिवशी तर त्यांनी घासलेली भांडी परत घासायला काढली.

"उद्या खालच्या लोकांबरोबर चारी बघायला जायचंय," ताई म्हणाल्या. "सगळी दारं लावूनही पाणी पोचत नाही म्हणे. पण तू पहिल्यांदा दार लावलंस ना रे, मला इतकं बरं वाटलं! मी तिथं दहा जणांना सांगितलं, माझा भाऊ बघा."

हे दुधाच्या पेल्याकडे बघत बसले.

"आणि कोबी दाखव मला, वहिनी. सगळे कोबीचंच बोलतायत."

काय करणार? नेलं. ताई सरीत उतरल्या, खाली वाकल्या आणि एका गड्ड्यावर पंजा ठेवला. चेहरा लहान मुलीसारखा झाला.

"बाबांचा हात," त्या म्हणाल्या.

तिथं ह्यांचा बांध फुटला. हे एका दमात सगळं बोलून गेले आणि कर्दळीची पानं बाजूला केली. ताईंनी नळ बघितला. मग बांधावर बसल्या, चांगल्या कपड्यांनिशी, ओल्या मातीत.

"पुरा देश ऐकत होता," त्या हळू म्हणाल्या.

"पाटकऱ्याला गाठतो," हे म्हणाले. "तासभर पाट बंद करायला लावतो, बुजवून टाकतो. कोणाला कशाला सांगायचं? आता बाबाही नाहीत."

"नाही. उद्या सगळे येतायत, त्यांना इथंच बोलावू. मीच सांगते."

"बाबांचं नाव जाईल, ताई!"

"जाईल. काय करू? शेवटच्या रानाला पाणी द्या म्हणून मी देशभर ओरडतेय आणि माझ्या घरातून..." त्या रडत होत्या. सभागृहात इतक्या जणांनी आरडाओरडा केला तरी न रडणारी बाई आमच्या कोबीत बसून रडत होती.

"बापाचं नाव कशाला जातंय?"

मागे सासूबाई उभ्या होत्या. हाताला भांड्यांची राख तशीच.

"नळ मी घातलाय," त्या म्हणाल्या.

आम्ही तिघं वळलो.

"तुमच्या बाबांना शेवटपर्यंत माहीत नव्हतं. पाट साफसफाईला कोरडा होता, आणि ते बहिणीकडं सुगीला गेले होते. हा तुकडा खडकासारखा. तुम्ही दोघं लहान, आणि घरात भाजीचं पान नाही. कुंभाराच्या भट्टीमागं टाकून दिलेले नळ पडले होते. चार उचलून आणले. भराव खणला, नळ घातला, वर कर्दळ लावली. ते आले, पाट सुटला, तुकडा ओला झाला. त्यांनी माती हातात घेतली आणि मला हाक मारून दाखवली. काय आनंद झाला होता त्यांना! सगळ्या गावाला बोलावून दाखवली. मी रोज म्हणायची, आज सांगते. पण त्या माणसाचं तोंड बघून सांगवेना."

"आई!" ताई म्हणाल्या.

"काय आई? आता बरी आठवली आई." सासूबाईंचा आवाज चढला. "तिकडं उभी राहिलीस की बाप, बाप, बाप. बापाची शिकवण, बापाचा हात. तू बापाबद्दल बोललीस ते सगळं खरं आहे, थेंब चोरला नाही त्यानं. पण तुला शाळेत घालायला भांडली कोण? पहिल्या प्रचाराला दारोदार हिंडली कोण? एकदा तरी माझं नाव घेतलंस?"

ताई बघतच राहिल्या. नाकातून पाणी, डोळ्यांतून पाणी, आणि त्यातच त्या हसायला लागल्या. हेही हसले. मी तर आधीपासूनच हसत होते. सासूबाई रागानं लालबुंद झाल्या, आणि मग त्यांचीही हनुवटी हलायला लागली. त्या आमच्या मध्ये बसल्या आणि ताईंनी त्यांच्या मांडीवर डोकं टेकलं.

"उद्या मीच सांगणार," सासूबाई म्हणाल्या. "तू मध्ये बोलायचं नाहीस. तुला बोलायला तिकडं पुष्कळ जागा आहे."

*

दुसऱ्या दिवशी भरावावर उभं राहायला जागा नव्हती. पाटकऱ्यानं वरचं मोठं दार लावून पाट थांबवला होता. पाणी उतरलं तसा तळाचा गाळ दिसायला लागला. सासूबाई स्वतः पाटात उतरल्या. ताई त्यांच्या मागोमाग, गुडघ्यापर्यंत चिखलात. सासूबाईंनी भरावाच्या आतल्या बाजूचा गवताचा गड्डा उपटला, त्यामागचा दगड काढला, आणि नळाचं तोंड सगळ्यांना दाखवलं.

"हा मी घातला. ह्याचा नि माझ्या नवऱ्याचा संबंध नाही, मुलांचाही नाही. बोला, काय बोलायचं ते."

मग केंद्रावरची ती खालची तरुण बाई पुढं आली.

"तुमची लेकरं भाजी खात होती, आजी," ती म्हणाली, "तेव्हा माझी आई डोक्यावर पाणी आणून मिरचीची दोन झाडं जगवत होती. तुमच्या दारावरून जायची ती. तुम्ही तिला बसायला सांगायचात, पाणी प्यायला द्यायचात. ती अजून तुमचं नाव काढते."

तिनं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. सासूबाईंचं तोंड एवढंसं झालं.

"खरं आहे," त्या म्हणाल्या. "तुझ्या आईला मी भेटायला येईन."

"या," ती म्हणाली. नाही म्हणाली नाही.

ह्यांनी खालून पहार लावली, सुतारकाकांनी वरून, आणि नळ तुकड्यातुकड्यांनी निघाला. सुतारकाकांनी लाकडाचा ठोकळा तासून भोकात बसवला, त्यावर आम्ही चिकणमाती तुडवली. ताई, हे, मी, भोंगासुद्धा. भोंगा त्या दिवशी विलक्षण गप्प होता. शेवटी सुतारकाका म्हणाले, "पुढच्या साफसफाईला एक करू. वरच्यांचा भाग खालच्यांनी साफ करायचा, खालच्यांचा वरच्यांनी."

वरच्या बाजूचे सगळे एकदम आपापल्या पायांकडे बघायला लागले.

त्या दुपारी मी मक्यात होते. बघते तर वरच्या पट्ट्यातला एकेक जण फावडं खांद्यावर टाकून आपल्या बांधाकडे चाललेला. पाट अजून कोरडाच होता. पाटकऱ्याला मोठं दार उघडायची त्या दिवशी काही घाई नव्हती, तो झाडाखाली पाठ करून झोपला होता. भोंगा चिखलाची पाटी घेऊन दोनदा गेला, चिखलातून नळाचा तुकडा डोकावत होता. कोणी कोणाला काही विचारलं नाही. खासदाराची आई सगळ्यांदेखत पाटात उतरली होती, आता इतरांना निदान लपून उतरणं भाग होतं.

संध्याकाळी पाणी सोडलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते शेवटच्या रानात पोचलं. आम्ही बघायला गेलो होतो. लाल पाणी, पुढं काड्या आणि फेस, चारीच्या भेगा भरत भरत येत होतं. सुतारकाका पाण्याच्या पुढं उलटे चालत होते, जणू त्याला वाट दाखवायची होती. सासूबाई त्या तरुण बाईच्या घरी आत बसल्या होत्या. बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. आल्या तेव्हा त्यांच्या हातात मिरचीची रोपं होती, ओल्या फडक्यात बांधलेली.

*

माझ्या कोबीचं सांगायचं तर, तो मेला नाही. पाळी शेवटी यायची म्हणून मी धुण्याचं पाणी, गोठ्याचं पाणी, भांड्यांचं पाणी कळशीनं वाहून घातलं. मी न सांगताच हे दुसरी कळशी उचलायचे. पानं लोंबली, गड्डे लहान राहिले, पण भरले. शेवटी आमची पाळी आली आणि ह्यांनी फळी काढली, तेव्हा मी सरीत उभी राहून पाय भिजवून घेतले. सगळे गड्डे काढले तेव्हा एकेक हातात घट्ट आणि जड लागला. घट्ट गड्डा बघून घेणारे खूश, मी खूश.

सभागृह परत सुरू झालं. ताईंचं भाषण होतं तेव्हा किटलीला टेकवलेल्या मोबाईलसमोर आमच्या ओसरीवर वरचे आणि खालचे दाटीवाटीनं बसले होते. सासूबाई मधोमध, मक्याची कणसं सोलत, आपल्याला काही देणंघेणं नाही असा चेहरा करून.

"मागच्या वेळी मी इथं माझ्या वडिलांबद्दल सांगितलं," ताई म्हणाल्या. "ते खरं होतं, पण अर्धं होतं. आमच्या घरातही एक चोरटा नळ होता. तो माझ्या आईनं घातला होता."

सभागृहात हशा झाला. विरोधी बाकांवरून कोणीतरी ओरडलं. ताई थांबल्या नाहीत.

"हसा. पण पुढचं ऐका. तोंडाशी बसलेल्या चांगल्या माणसालाही पाणी घ्यायचा मोह होतो, म्हणून कायदा हवा. आणि सगळ्या गावासमोर चिखलात उतरून माझ्या आईनं तो नळ स्वतः काढला, म्हणून मला खात्री आहे की हा कायदा लोक पाळतील. खरं बोलायला मला बापानं शिकवलं असं मी इतकी वर्षं सांगत आले. मला आईनं शिकवलं, मागच्याच महिन्यात."

ह्यांनी डोळे पुसले. या वेळी अळ्या नव्हत्या.

सासूबाईंचा हात कणसावर थांबला होता.

"हे सगळ्या देशाला ऐकू गेलं?" त्यांनी विचारलं.

"सगळ्या देशाला," हे म्हणाले.

"नळाचंपण?"

"नळाचंपण, आई."

सासूबाईंनी जरा विचार केला. मग नवीन कणीस उचललं आणि माझ्याकडे वळल्या.

"तुकडा तुझा," त्या म्हणाल्या. "पण आता परत कोबी नको लावूस, फार पाणी पितो. मिरची लाव. त्या दिवशी आणलेली रोपं मी गोठ्यामागं जगवलीयत."

मी मान हलवली. कणीस सोलताना त्या गालातल्या गालात हसत होत्या, आणि आता ते लपवतही नव्हत्या.